धुराच्या गोळ्याची सहल

बचत गटाची अध्यक्ष झाल्या दिवसापासून सावित्रीकाकीनं एकच गोष्ट मनात धरली होती. सहल न्यायची! आणि अशी न्यायची, की खालच्या वाडीच्या गटानं तोंडात बोट नाही, कोपरापर्यंत हात घालावा!

त्याला कारणही तसंच होतं. खालच्या वाडीच्या बाया महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून रेशनच्या रांगेतसुद्धा तोंडाला थंडी लागल्यासारख्या बोलत होत्या. काकीला ते बघवत नव्हतं. त्यात खरं दुखणं वेगळंच. काकी जन्मात कधी सहलीला गेली नव्हती. सहल म्हणजे काय, हे तिनं दुसऱ्यांच्या डब्यांत भाकऱ्या भरूनच पाहिलेलं. नवरा जाऊन आला, पोरं जाऊन आली, सून लग्न झाल्या झाल्या गोवा बघून आली. आणि गुरांजवळ कोण राहणार? काकी! जशी काही तिच्याच गळ्यात घंटा बांधली होती.

"या खेपेला मी जाणार," तिनं गटाच्या बैठकीत जाहीर केलं. "आणि स्ट्रॉबेरी ही काय बघायची वस्तू हाय? आपण वरच्या धनगरवाड्यावर जायचं. धुराचा गोळा कसा करतात तो बघायचा!"

धुराचा गोळा म्हणजे बाबू झोरेच्या घरची करामत. म्हशीचं दूध आंबट ताकानं फाडायचं, फडक्यात बांधून दाबायचं, मीठ चोळायचं आणि चुलीवर टांगून धुरात सुकवायचं. वरून तव्याच्या बुडासारखा काळा, आत खोबऱ्यासारखा पांढरा. बाबू कधीमधी लांज्याच्या बाजाराला आणायचा, आणि पिशवीचं तोंड सोडायच्या आत गोळा संपायचा.

"आई, याला चीज म्हणतात," सून सानिका म्हणाली. ती गटाची सचिव. "परदेशात लोक डोंगरात चीज करणाऱ्यांकडं तिकीट काढून जातात."

"ऐकलंत?" काकी फुलून आली. "परदेशातली माणसं तिकीट काढून जातात आणि आपल्या उशाशी धनगर हाय तर आपण घोरतोय! मुसाला सांग, गाडी घेऊन ये म्हणून."

खरं तर वाड्यावर जायला गावामागून सरळ पाऊलवाट होती. पण काकीचे गुडघे! त्यांच्याबद्दल ती देवाधर्मापेक्षा जास्त बोलायची. म्हणून मुसाची सतरा सीटची गाडी लांज्याकडून वळसा घालून नेणार असं ठरलं. बाया नुसत्या उडत होत्या. कोण कुठली साडी नेसणार, कोण खिडकीत बसणार, यावरून दोघींचं बोलणंही बंद झालं!

तेवढ्यात काकीचे यजमान महिपतबाबा ओटीवरून म्हणाले, "अगो, देवाला विचारलंस काय?"

गावाची रीतच ती. मिळून शीव ओलांडायची, तर ग्रामदेवाचा कौल घ्यायचा.

"विचारू की! देव माझ्या शब्दाबाहेर हाय काय?" काकी म्हणाली. "वाजतगाजत विचारू. खालच्या वाडीला पण बोलवा!"

तिथंच चुकलं!

सोमवारी देऊळ भरलं. खालच्या वाडीच्या बाया अगदी पुढं येऊन बसल्या. हरिश्चंद्र गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही सावित्रीकाकी गटाच्या बायांना घेऊन मुसाच्या गाडीनं वरच्या धनगरवाड्यावर जाईन म्हणते!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तर तुझी राजीखुशी असंल तर उजवा दे!"

"व्हय म्हाराजा!"

डावी पडली.

"वारा आला!" काकी ओरडली. "तो पंखा बंद करा आधी! देवाला काय सर्दी करायची हाय?"

पंखा बंद झाला. परत गाऱ्हाणं. परत डावी.

"पाणी कमी लावलंस रे हरिश्चंद्रा!"

"काकी, आता जास्त लावलं तर देवाची आंघोळ होईल."

"मग वार बदल. बुधवार विचार."

बुधवार डावा. शुक्रवार डावा. मग काकीला वाटलं देवाला गाडीच पसंत नसेल. पायरीवर बसलेला मुसा तिथूनच ओरडला, "काकी, गाडीवर घेऊ नका! कालच धुऊन आणलीय!"

पुढं बसलेल्या बायांच्या पदराआडून खीखी सुरू झालं. काकीची कानशिलं तापली. अध्यक्ष झाली ती, देवानं भर गावात नाही म्हणावं? आणि सहल राहिली ती राहिलीच!

"मग काय करू मी?" ती देवावरच कडाडली. "घरात बसून शेण काढू? का त्या धनगरांनाच म्हशींसकट हितं आणू?"

आता हे रागाचं बोलणं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण हरिश्चंद्र गुरव रीतीला पक्का. देवासमोर तोंडातून निघालेलं विचारलंच पाहिजे!

"बा देवा म्हाराजा! धनगरांना म्हशींसकट..."

"अरे थांब मेल्या!"

"...हितं आणू म्हणते!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज खालच्या वाडीचा.

उजवी पाकळी अशी पडली, जशी काय सकाळपासून ह्याच प्रश्नाची वाट बघत होती!

झालं. उजवा कौल म्हणजे दगडावरची रेघ. सानिकानं बाबू झोरेला फोन लावून काकीच्या हातात दिला.

"देवानंच बोलावलं तर नाय कसं म्हणू, काकी?" बाबू म्हणाला. "आमच्या बायामाणसांनी गाव सोडून काय बघितलेलं नाय. येतंव सगळी. फक्त रेडकं बारकी हायत, एवढी चालायची नायत. ती वाड्यावर म्हातारीजवळ ठेवतंव."

काकीनं फोन ठेवला आणि तोंड वाकडं करायच्या आत तिचं डोकं दुसऱ्या दिशेनं धावू लागलं. महाबळेश्वरला काय, कोणीही जाईल. पण महाबळेश्वर उचलून कोणी गावात आणलंय काय? आपण डोंगर खाली आणतोय!

"सानिका, काळे वाटाणे भिजत घाल! वड्याचं पीठ काढ! मांडव बांधा! खालच्या वाडीला सांगा, चीज बघायला येताना चपला बाहेर काढायच्या!"

ठरल्या दिवशी धनगर मुसाच्या गाडीनं वळसा घालून आले, आणि म्हशी दोन गड्यांबरोबर पाऊलवाटेनं उतरल्या. स्वागताला ताशे होते. पहिल्या म्हशीनं तोरण खाल्लं. दुसरीनं परसातल्या अळवात लोळण घेतली. तिसरी सरळ मांडवात येऊन पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर उभी राहिली आणि एकेकाचं तोंड हुंगू लागली, जणू तीच सहलीला आली होती आणि माणसं बघायला ठेवली होती.

"आता बघा!" काकी मांडवाच्या मधोमध उभी राहून म्हणाली. "बाबू, बस धारेला!"

बाबू बसला. आचळ ओढलं. थेंब नाही. दुसऱ्या म्हशीखाली बसला. थेंब नाही. बाबूनं थोपटलं, गोंजारलं, कानात काहीतरी सांगितलं. म्हैस तोरणाचा रवंथ करत राहिली.

"पान्हा सोडीनात काकी," बाबू कसानुसा म्हणाला. "जागा नवी, रेडकू जवळ नाय. आणि ही पोरं ताशे वाजवतायत!"

"ताशे बंद!"

ताशे बंद झाले. आता सगळा मांडव श्वास रोखून म्हशीकडं बघू लागला. म्हैस अजूनच अवघडली. आणि त्या शांततेत खालच्या वाडीकडून गोड आवाज आला, "काय गो सावित्री, चीज येतंय काय? का म्हशीचा पण डावा कौल पडला?"

अख्खा मांडव फुटला! काकीला वाटलं, अळवात त्या म्हशीशेजारी जाऊन पडावं.

तेवढ्यात बाबूची बायको सानिकाला हळूच म्हणाली, "बाय, समुद्र हितनं लांब हाय काय? आमी कधी बघितला नाय."

बुडत्याला ओंडका सापडला! "आरे-वारेला जायचं!" काकी गरजली. "आत्ताच्या आत्ता! धनगरवाडा आणि बचत गट, मिळून सहल! मुसा, गाडी काढ! तुझ्या भावाची पण आण!"

"पण काकी, कौल?" हरिश्चंद्र गुरव.

"देवाला समुद्राचं विचारलं नाय. म्हणजे देवानं नाय म्हटलेलं नाय!"

 गुरव स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसला. वडे डब्यात भरले गेले, वाटाण्यांचं टोप गाडीत चढलं, दोन्ही गाड्या गच्च झाल्या. काकीची नवी जांभळी साडी, हातात पिशवी. जन्मातली पहिली सहल! एक पाय तिनं गाडीच्या पायरीवर ठेवला.

"पण म्हशींजवळ कोण?" बाबू म्हणाला.

 सगळ्यांनी काकीकडं बघितलं. सवयीनं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ती म्हणणार होती, "आज मी नाय!" पण तेवढ्यात खालच्या वाडीतला तोच गोड आवाज म्हणाला, "राहू दे, तिला काय धनगरांच्या म्हशी आवरतात!"

"मला आवरत नायत?" काकीची जीभ काकीच्या आधी धावली. "जन्म गेला माझा गुरांत! जावा तुमी सगळी!"

पाय पायरीवरून खाली आला. दरवाजा लागला. महिपतबाबा खिडकीतच बसले होते. "अगो," गाडी सुटता सुटता ते म्हणाले, "म्हशींना पाणी दाखव!"

काकी रिकाम्या मांडवात बसली आणि तिनं देवाला, महिपतबाबांना आणि स्वतःच्या जिभेला, या क्रमानं शिव्या घातल्या. जिभेला जरा जास्त.

ऊन कलायला लागलं तशा म्हशी अस्वस्थ झाल्या. कासा तटतटलेल्या आणि रेडकं डोंगरावर. थोरल्या म्हशीनं मान वर केली, डोंगराकडं बघून एक हंबरडा फोडला, दावं तोडलं आणि पाऊलवाटेला लागली. तिच्यामागं सगळा कळप!

"हॉ! हॉ! उभी राहा गो भवाने!" काकी काठी घेऊन मागं पळाली. लोकांच्या म्हशी! हरवल्या तर गावाचं नाक जायचं! ती धावली, धापा टाकल्या, जांभळी साडी करवंदीच्या जाळीत फाटली. निम्म्या चढावर तिच्या ध्यानात आलं, की गुडघे दुखायचे विसरलेत. तिनं कोणी बघत नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं आणि तशीच चढत राहिली.

वाड्यावर म्हशी रेडकांना भिडल्या तेव्हा बाबूची म्हातारी आई दारात उभी होती. वाकलेली, पण नजर विळ्यासारखी.

"कोण गो तू? बाबूनं म्हशींमागं नवीन बाई ठेवली काय?"

"मी बचत गटाची अध्यक्ष हाय!" काकी धापत म्हणाली.

"असशील. धार काढता येते?"

काकीनं सरळ भांडं ओढलं. रेडकं ढुशा देत होती, म्हशी पान्हावल्या होत्या, आणि दूध असं वाजत उतरलं की काकीला वाटलं, आता इथं खालची वाडी हवी होती! म्हातारीनं दूध तापवलं, ताक ओतलं, फाटलेलं दूध फडक्यात बांधलं, वर फळी ठेवली. काकी डोळे फाडून बघत होती. तोंडात म्हातारीनं दिलेला जुन्या गोळ्याचा तुकडा होता. खारट, धुरकट, आणि असा मऊ, की चावायची लाज वाटावी.

"दगड कुठं गेला?" म्हातारी इकडंतिकडं बघत पुटपुटली. "हां. बाबूनं तुमच्यात दाखवायला नेलान. मग आता तूच बस."

"कुठं?"

"फळीवर! चांगली वजनदार हायस."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर काकीनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण इथं ती पदर खोचून फळीवर बसली. समोर अख्खं कोकण पायाशी पसरलेलं, आणि पार टोकाला, पत्र्यावर ऊन पडावं तशी समुद्राची चकचकीत पट्टी. तिकडं सगळे लाटांत उड्या मारत असणार. काकीला त्यांची कीव आली.

तिन्हीसांजेला मुसाची गाडी वाड्याखाली थांबली आणि बाबू वाळूभरल्या पायांनी पळतच वर आला.

"काकी! तुमी हितं? खाली सगळा गाव तुमाला शोधतोय! महिपतबाबा रडकुंडीला आलेत, म्हशींबरोबर बायको पण चोरीला गेली म्हणून! काय करताय काय तुमी?"

काकीनं मान ताठ केली. "सहलीला आलेय."

"चला, उठा. मुसा सोडतो खाली."

काकीनं फाटका पदर सावरला आणि उठायला गेली.

"बस खाली!" चुलीमागून म्हातारी कडाडली. "पाणी गळतंय अजून!"

आणि नवऱ्याचं, सासूचं, देवाचंसुद्धा कधी न ऐकलेली सावित्रीकाकी गपकन खाली बसली.