मेहुण्याचा स्वच्छ नमुना

ज्याच्या हातचं कारखान्यातली चारशे माणसं रोज बोटं चाटत खातात, त्याच्या पोटात जंत असणं शक्यच नाही, असं आचाऱ्याचं ठाम मत होतं. दोन महिने पोट दुखत होतं आणि दोन माणसांचं जेवूनही वजन उतरत होतं, तरी मत ठामच होतं. पण कारखान्याच्या वार्षिक तपासणीत जंतांची अंडी सापडलीच.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुढे केल्या. "घरातल्या सगळ्यांनी घ्यायच्या. तीन आठवड्यांनी पुन्हा शौचाचा नमुना आणा. तो स्वच्छ आला, की मगच स्वयंपाकघरात पाऊल टाका."

"बिघाड तुमच्या तपासणीत आहे, माझ्यात नाही," आचारी म्हणाला, आणि घरी येऊन त्याने गोळ्या गुपचूप कचऱ्यात टाकल्या.

आता घरी बसणं आलं. तिकडे त्याच्या जागी नवा आचारी आला होता आणि लोक त्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेत होते म्हणे. हे ऐकून याचा जीव कासावीस झाला. हातचा झारा कायमचा गेला तर?

म्हणून त्याने तीन आठवड्यांनी घरातच राहणाऱ्या मेहुण्याला गाठलं. हा गृहस्थ पाणी उकळून प्यायचा, बाहेरच्या खाण्याला शिवायचा नाही आणि ऊठसूट हात धुवायचा.

"भावोजी, माझं पोट म्हणजे आरसा," मेहुणा म्हणाला, आणि त्याने मोठ्या अभिमानाने डबी भरून दिली.

अहवाल बघून डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "मागे एकाच जातीचे होते. आता दोन जातींचे आहेत. गोळ्या घेतल्या होत्या ना?"

आचारी गोरामोरा झाला. शेवटी त्याने सगळं कबूल केलं.

"म्हणजे तुमचे तुमच्याजवळ आहेतच," बाई शांतपणे म्हणाल्या. "पहिली गोळी इथेच, माझ्यासमोर घ्या. बाकीच्या घरच्यांना द्या. आणि आणखी तीन आठवडे सुट्टी."

घरी बायकोने तिची गोळी मुकाट्याने गिळली आणि भावासमोर दुसरी ठेवली. त्याने हातही लावला नाही.

"अरे, नमुना तुझा होता!" आचारी कळवळला.

मेहुण्याने अहवाल उचलून त्याच्या हातात दिला.

"नाव कोणाचं आहे ते वाचा, भावोजी. आपले जंत दुसऱ्याच्या माथी मारणं तुम्हाला शोभत नाही."