लाल कोड, निळा कोड आणि एक टोस्ट

ग्लेनिसने टोस्ट मागितला आणि नेव्हिल पास्कोने तो स्वतः भाजायचं ठरवलं. इथूनच सगळं सुरू झालं.

ग्लेनिसच्या पित्ताशयातले खडे त्या दिवशी दुपारी काढायचे होते. आमच्या गावचं हॉस्पिटल म्हणजे एक लांब कॉरिडॉर, कडेला खोल्या आणि जागोजागी आग अडवणारे जाड दरवाजे. सकाळी नर्स सालोते ग्लेनिसला ऑपरेशनबद्दल काहीतरी समजावून सांगत होती. नेव्हिलचं तिकडे अजिबात लक्ष नव्हतं. तो भिंतीवरचा रंगांचा तक्ता पाठ करत होता. (आमच्या अग्निशमन पथकाचा जुना कप्तान तो. असा तक्ता दिसला की त्याला राहवत नाही.)

"ऐक, ग्लेन. लाल म्हणजे आग. निळा म्हणजे माणूस कोसळला, जीव जायची वेळ. जांभळा म्हणजे बॉम्बची धमकी. काळा म्हणजे कुणीतरी मारायला उठलंय. पिवळा म्हणजे इथलंच काहीतरी बंद पडलंय, वीज म्हण, पाणी म्हण. तपकिरी म्हणजे बाहेर मोठा अपघात, जखमी येतायत. आणि नारिंगी म्हणजे सगळे बाहेर व्हा."

"आणि तुझ्या तोंडाला कुठला रंग आलाय? राखाडी दिसतोयस."

"राखाडी या तक्त्यात नाही."

"मघापासून हात काय चोळतोयस?"

"काल कुंपणाच्या तारा ओढल्या ना. होईल बरं."

आमच्याकडचे पुरुष 'होईल बरं' म्हणतच जन्माला येतात आणि बरेचसे ते म्हणतच जातात. सकाळपासून छातीवर एक मेंढी बसल्यासारखं वाटतंय, हे नेव्हिलने सांगितलंच नाही. आज दुखणं बायकोचं, त्यात आपलं कशाला घुसडायचं, असा त्याचा विचार. त्यापेक्षा घरी जाऊन मेंढ्यांचं पाणी बघून यावं, म्हणून त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. घर काही जवळ नाही. वाटेत माणूस दिसला तर दिसला.

तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "जायच्या आधी एक टोस्ट आण मला, वर ते खारट व्हेजिमाइट लावून. चांगला खरपूस कर. वेळ लागला तरी चालेल."

चहाच्या खोलीतला टोस्टर भित्रा निघाला. ब्रेड टाकला की पांढराफटक बाहेर. दोनदा तसंच झाल्यावर नेव्हिलने खटक्यात चमचा अडकवून तो दाबूनच ठेवला. आगीची नस आपल्याला कळते, हा त्याचा जुना समज. तेवढ्यात छातीवर दुसरी मेंढी येऊन बसली. घाम फुटला. जरा टेकावं म्हणून तो बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसला. (हाच माणूस दरवर्षी शाळेत जाऊन पोरांना बजावायचा की काही शिजत असेल तर तिथून हलू नका.)

भोंगा वाजला, आगीचे दरवाजे धाडधाड मिटले, लाउडस्पीकरवर बाई बोलायला लागली, "लाल कोड, लाल कोड."

"आग," नेव्हिल स्वतःशीच म्हणाला. उत्तर बरोबर आल्याचं क्षणभर बरं वाटलं त्याला. मग चमचा आठवला.

आता पथक येणार, म्हणजे त्याचंच पथक. आणि ज्याने खोटा भोंगा वाजवला त्याने पथकाला बिअरचा खोका द्यायचा, हा नियमही त्याचाच. अर्ध्या गावाकडून वसूल केलाय त्याने. तेव्हा गुपचूप पळ काढलेला बरा. भिंतीला धरत धरत तो मोठ्या दारापर्यंत पोचला, तर समोरच लाल ट्रक थांबला आणि रोंडा खाली उतरली. आताची कप्तान ती, यानेच शिकवून तयार केलेली.

"कप्तान, आग कुठंय?"

"आग नाही गं. टोस्ट आहे."

"कुणाचा?"

नेव्हिलने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसाच तिच्या पायाशी कोसळला.

"बिअर चुकवायला एवढं?" रोंडा म्हणाली, आणि त्याचा चेहरा दिसताच गुडघ्यावर बसून छाती दाबायला लागली. मागून सालोते व्हीलचेअर ढकलत येतच होती. ती कधीपासून त्यालाच शोधत होती. लाउडस्पीकरवरच्या बाईला दम घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. आता निळा कोड.

नेव्हिलने डोळे उघडले तेव्हा छातीवर तारा चिकटवलेल्या होत्या आणि डॉक्टर सांगत होती की शॉक दिल्यावर हृदय पुन्हा चालू झालं. आता विमानाने शहरात नेऊन अडकलेली रक्तवाहिनी मोकळी करायची. "गाडीत असतात तर..." एवढंच बोलून ती थांबली. नेव्हिल रडला. सालोतेचे आभार मानले, रोंडाचे मानले, पाण्याचा पाइप गुंडाळत दारात उभ्या असलेल्या पथकातल्या माणसाचेही मानले.

"भोंगा खोटा नव्हता असं पथकाने ठरवलंय," रोंडा म्हणाली. "खोका माफ."

"मी दोन देतो," नेव्हिल म्हणाला. शेजारी हॉस्पिटलच्या झग्यात ग्लेनिस बसली होती. "तुझा टोस्ट करपला म्हणून वाचलो बघ, ग्लेन. नशीब."

"नशीब? सकाळी सालोते तुझ्यासमोर काय सांगत होती? ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मी टोस्ट कुठला खातेय?"

"मग मागितलास कशाला?"

"'तपासून घे' म्हटलं असतं तर 'होईल बरं' म्हणून पसार झाला असतास. तू टोस्टरशी झटापट करशील तेवढ्यात सालोतेला बोलवावं म्हटलं. घंटा वाजवली, ही आली, तुझं सांगतेय तोवर तू लाल कोड करून मोकळा."

नेव्हिलने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुझ्यामुळे आहे मी," तो म्हणाला.

"माहितेय. पडून राहा."

तेवढ्यात रोंडा बशी घेऊन आली. दोन टोस्ट, कडेपासून कडेपर्यंत एकसारखे सोनेरी, वर व्हेजिमाइट. या सगळ्या गोंधळात ग्लेनिसचं ऑपरेशन उद्यावर गेलं होतं, तेव्हा तिला खायला मोकळीक होती. वासाने नेव्हिलची भूक खवळली. त्याने हात पुढे केला.

सालोतेने तो हळूच परत पांघरुणात ठेवला. "तुम्ही नाही. शहरात पोचेपर्यंत उपाशी. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

"टोस्ट असा भाजतात, नेव्ह," कुरकुरीत घास चावत ग्लेनिस म्हणाली. तिने सावकाश दुसराही संपवला, आणि नेव्हिल बशीवरचा कण न् कण निरखत, आयुष्यात पहिल्यांदाच, नर्स काय सांगतेय ते नीट ऐकत राहिला.