मामा टोलूचा उष्टा मध

मामा टोलू सिंककडे पाठ करून कधी उभी राहत नाही. आमच्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये भिंतीला लागून सिंकच सिंक आहेत, त्यामुळे तिला दिवसभर खेकड्यासारखं तिरकं चालावं लागतं. नळ सोडण्याआधी ती 'एक्स्क्यूज मी, मदर' म्हणते, छातीवर क्रूस काढते आणि मग पाणी घेते. मला आधी वाटलं, मदर म्हणजे येशूची आई असणार. नंतर कळलं, ही वेगळीच.

तिचं नाव ओशून. मामा टोलू नायजेरियाची, योरुबा लोकांतली. तिच्या गावाकडे ओशून नावाची नदी आहे आणि ती नदीच देवी आहे. गोडाची, पितळेची, लेकुरवाळ्या बायकांची देवी. आजीने हिला ओशून दिली आणि शाळेतल्या पाद्रीबाईंनी येशू दिला. हिने दोन्ही ठेवून घेतले. "दिलेलं परत करायला मी काय दुकानात उभी आहे?" असं ती विचारते. रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून ती सगळ्यांच्या थोडं आधीच गाते, आणि शनिवारी श्रूजबरी आणि वूस्टर या दोन गावांच्या मधल्या लांबड्या तळ्यावर जाऊन मध वाहते. मध वाहताना येशूचं स्तोत्र म्हणते, आणि चर्चमध्ये मेणबत्ती लावताना हळूच 'ओरे येये' म्हणते. येये म्हणजे आई. देव रागावत नाही का, असं कोणी विचारलंच तर तिचं एक ठेवणीतलं वाक्य आहे: "देवाच्या घरात बायकांचीही एक खोली असते." भाडं वाढलं, बर्फ पडला, सुपरवायझर ओरडली, तरी हेच वाक्य.

मी पाटणजवळच्या एका गावातली. शाळा नववीत सुटली. लग्न झालं आणि नवऱ्यामागून इथे परदेशात आले. तो एका इंडियन ग्रोसरीत काम करतो. इंग्लिश ऐकलं की मी दुसऱ्या खोलीत जायची. फोन वाजला तरी मी आधी देवाचं नाव घ्यायची. अशा मला मामा टोलूने किचनमध्ये आपल्या शेजारी उभं केलं, कांदा कापायच्या मशीनपासून सुपरवायझरला तोंड देण्यापर्यंत सगळं शिकवलं, आणि वर ड्राइव्हिंगही शिकवलं. तिचे उपकार मोजायला बसले तर मी इथे दुसरं काही लिहूच शकणार नाही.

ड्राइव्हिंगमध्येही तिने दोन्ही देवांना कामं वाटून दिलेली आहेत. सिग्नल, स्टॉप साइन, स्पीड लिमिट हे येशूकडे. हायवेला मर्ज होणं आणि रोटरीत, म्हणजे गोल चौकात, शिरणं हे ओशूनकडे, कारण "ते पाण्याचं काम आहे, पाणी बरोबर वाट काढतं." मी रोटरीत शिरताना डोळे मिटले तेव्हा मात्र तिने दोघांनाही बाजूला ठेवून माझ्या मांडीवर चापट मारली आणि स्टिअरिंग स्वतः धरलं. योरुबात 'ओया' म्हणजे चल, आटप. त्या दिवशी मी तो शब्द पुष्कळ वेळा ऐकला.

एकदा भांडी धुण्याचं मशीन बंद पडलं. सुपरवायझर टेक्निशियनला फोन करत होती, तेवढ्यात मामा टोलूने मशीनवर हात ठेवून आधी चर्चचं गाणं म्हटलं, मग आपल्या भाषेतलं. मशीन घरघरलं आणि सुरू झालं. मी विचारलं, कोणी केलं? ती म्हणाली, दोघांनी मिळून. घरातला नळ कोणी दुरुस्त केला यावरून नवरा-बायको भांडतात का? मी म्हटलं, आमच्याकडे भांडतात.

माझा नवरा मला चिडवायचा, तिच्या नादाने धर्म बदलशील. मी विचारलं, नक्की कुठला घेऊ, तिच्याकडे दोन आहेत. पण ती आमच्या घरी जेवायला आली आणि माझ्या देव्हाऱ्यातली पितळी समई बघून तिथेच गुडघ्यांवर बसली, तेव्हापासून तो गप्प आहे. त्या दिवशी मी तिला आमच्या साती आसरांबद्दल सांगितलं. नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड, त्या सात पाण्याच्या बायका. आई त्यांची ओटी भरायची आणि आम्हाला तिन्हीसांजेला पाण्याकडे जाऊ द्यायची नाही, आसरा ओढून नेतात म्हणून. मामा टोलूने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "सात जणी आणि ओटी वर्षातून एकदा? मग रागावतील नाही तर काय?"

तिचं खरं नाव तिच्या बिल्ल्यावर आहे, पण त्या नावाने तिला कोणी बोलावत नाही. मामा म्हणजे आई. आपल्याकडे सुमनची आई म्हणतात, तशी ती टोलूची आई. टोलू म्हणजे टोलूलोपे, देवाचे आभार. "कुठल्या देवाचे, ते नावात घातलेलं नाही," असं सांगून ती हसते.

ही टोलू इथून गाडीने अर्ध्या तासावर राहते आणि आईशी बोलत नाही.

तिचा नवरा एका नव्या चर्चचा पास्टर आहे. टोलूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. दुसऱ्या खेपेनंतर मामा टोलूने लेकीच्या उशीखाली एक पितळेचं कडं आणि मधाची छोटी बाटली ठेवली. जावयाला ती सापडली. हे असलं घरात आणलंस म्हणूनच असं झालं, असं तो म्हणाला, आणि टोलू गप्प राहिली. ओशूनला सोड आणि मग ये, असं ठरलं. किचनमध्ये आम्ही सगळ्या दिवसभर हिला ज्या नावाने हाका मारतो, ती मुलगी हिचा फोन उचलत नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, वरवर सोड ना, मनात ठेव. ती गाजर सोलत होती. म्हणाली, "टोलूला मी तिच्याजवळच मागितलं होतं. आता कुठल्या तोंडाने तिला घराबाहेर काढू?"

या हिवाळ्यात कॉयरमधल्या एका बाईकडून तिला कळलं की टोलूला पुन्हा दिवस गेले आहेत आणि सातवा चालू आहे. मामा टोलूने किचनमध्ये माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांच्या ओटमीलमध्ये मध पडला. तेव्हापासून शनिवार एकही चुकवला नाही. आणि मार्चमध्ये घसरून पाय मोडून घेतला. कॉयरमधल्या बायका भेटायला आल्या आणि, तळ्यावर जातेस ना, देव बघतो, असं गोड बोलून गेल्या. ही प्लास्टरवर हात आपटत म्हणाली, "शिक्षाच द्यायची असती तर तळ्यावर पाडलं असतं. मी पडले चर्चच्या पार्किंगमध्ये. स्वतःच्या अंगणात कोण कोणाला पाडतं? बर्फ वितळवायला मीठ कमी टाकलं होतं, बाकी काही नाही."

त्या शनिवारी मीच तिला गाडीतून तळ्यावर नेलं. मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय लांब करून ती बसली होती. काठाकडे जाणाऱ्या उतारावर अर्धवट वितळलेला बर्फ होता, तिला उतरवणं शक्यच नव्हतं. तिने अस्वलाच्या आकाराची मधाची बाटली माझ्या हातात दिली. ओया. मला लहानपणापासून पाण्याच्या बायकांची भीती, त्यात बूट घसरत होते. कशीबशी काठाशी पोचले आणि बाटली उलटी करणार, तोच गाडीच्या खिडकीतून आवाज आला.

"चाखलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"आधी चाख."

"देवाला उष्टं देत नाहीत, मामा."

कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा थांबून आमच्याकडे बघायला लागला. माझी आई नैवेद्याचा शिरा चाखणं सोडा, वाहायच्या फुलाचा वाससुद्धा घेऊ द्यायची नाही. आणि ही मला भर तळ्यावर, भर दिवसा उष्टं कर म्हणत होती. मी मान हलवत उभी राहिले. मग ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि सांगायला लागली. ओशूनला कोणीतरी एकदा मधातून विष घातलं होतं. तेव्हापासून आणणाऱ्याने तिच्यासमोर आधी स्वतः खायचं, मगच ती खाते.

"तू आपल्या म्हाताऱ्यांना सूप देताना आधी चाखतेस की नाही?"

"चाखते."

"मग? तिलाही भीती वाटते."

देवीला भीती वाटते, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी बोटावर मध घेतला आणि तिच्यासमोर, म्हणजे पाण्यासमोर, नीट दिसेल असा खाल्ला.

आता मागायचं काय, हे तिथून ओरडून विचारणं बरं दिसेना. मी उतार चढून पुन्हा खिडकीशी गेले. मामा टोलू प्लास्टरकडे बघत होती.

"टोलूचं बाळ नीट होऊ दे, एवढंच सांग. तुझ्या भाषेत सांगितलंस तरी चालेल, पाण्याला सगळ्या भाषा येतात. शेवटी आमेन म्हण."

मी म्हटलं, आणि टोलूने तुला फोन करावा, ते?

"ते नको," ती म्हणाली. "आईने एका वेळी एकच मागावं. दोन मागितलं की वरच्यांना वाटतं, हिला नक्की काय हवंय. त्यांचा घोटाळा व्हायला नको."

आणि तिने काच वर केली.

मी खाली गेले. थंडीने मध घट्ट झाला होता. अस्वलाचं पोट दाबून दाबून एक बारीक धार निघाली आणि ती पाण्यापर्यंत पोचायलाच वेळ लागला. आसरांना हाक मारावी तशी मी हाक मारली आणि टोलूच्या बाळाचं सांगितलं, सुखरूप होऊ दे, आईच्या कुशीत येऊ दे. सांगून झालं तरी धार चालूच होती. मी टोलूची आई नव्हते. मला एकाच मागण्याचं बंधन नव्हतं. तेव्हा उरलेल्या मधावर मी दुसरं मागून घेतलं. मग आमेन म्हटलं, आणि राहवेना म्हणून हातही जोडले.

गाडीत बसले तर ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"इतका वेळ?"

"मध गार झाला होता."

"हं." तिने कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. "जास्त तर नाही ना काही मागितलंस?"

"तुझ्या वतीने एकच," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.