फक्त काजं राहिलीत

रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला मास्तर नेहमीप्रमाणे नावेवर चढले. नाव होती, नदी होती, पलीकडच्या काठावर उतारूही खोळंबले होते. ताई तेवढी नव्हती.

मास्तर म्हणजे शिंपी. परमुलखात राहणारी थोरली बहीण आणि ते दर रविवारी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात नाव चालवत. ताई सुकाणू धरी, मास्तर वल्ही मारत, आणि त्या तासाभरात आठवड्याच्या गप्पा होत. त्यांतल्या निम्म्या ताईच्या जाऊबाईंविषयी असत. एरवी फोनवर दोघांना ‘जेवलास का’च्या पुढे काही सुचत नसे.

मास्तरांनी फोन लावला.

“अरे बारक्या, मी नावेतच आहे,” ताई म्हणाली. “तूच दिसत नाहीस. खेळाचं नवं अपडेट आलंय ना, तुझ्याकडे जुनंच असेल.”

गोम दुकानात होती. ताईने खेळ घेतला होता बड्या ऑनलाइन दुकानातून. मास्तरांनी तत्त्व म्हणून छोट्या ऑनलाइन दुकानातून घेतला, कारण तिथे एकदा घेतलेला खेळ कायमचा आपला, त्याला कुलूप नाही की पाळत नाही. आता तो इतका आपला झाला होता, की बनवणाऱ्यांनाही त्याला हात लावावासा वाटत नव्हता.

मास्तरांनी दुकानाला लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं: ‘अपडेट लवकरच.’ पंधरवड्याने दुसरं आलं: ‘लवकरच हा शब्द कालदर्शक नसून धोरणात्मक आहे, याची नोंद घ्यावी.’ खेळ बनवणारे म्हणाले, आम्ही अपडेट केव्हाच दिलंय. दुकान म्हणालं, मिळालंय, पण ते ज्या कप्प्यात ठेवायचं त्या कप्प्याचंच अपडेट व्हायचं आहे. मास्तरांनी रीतसर तक्रार केली, तर ती जुन्या नमुन्यात असल्याने बाद झाली. नवा नमुना लवकरच येणार होता.

“तुझी वल्ही जाऊबाईंकडे दिलीयेत, तात्पुरती,” एका रविवारी ताईने सांगितलं. “बरी मारतात हो.”

जाऊबाई नावेत बसल्या, म्हणजे जाऊबाईंविषयी बोलायचं कुणाशी? मास्तरांना अगदी पोरकं वाटलं, आणि पन्नाशीच्या माणसाने तसं वाटून घ्यावं का, हेही त्यांना कळेना.

चौथं पत्र आलं: ‘अपडेट तयारच आहे, फक्त तपासणी राहिली आहे.’

हे वाक्य मास्तरांच्या चांगलंच ओळखीचं होतं. बावीस वर्षं ते स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आले होते, “झालंच आहे, फक्त काजं राहिलीत.” आणि ज्या ज्या वेळी सांगितलं, त्या त्या वेळी कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला त्या पत्राने धीर आला असता. मास्तरांना त्यातलं सगळं कळलं.

“तपासणी कोण करतो, त्याचं नाव सांगा,” त्यांनी फोनवर धरणंच धरलं.

पाचवं पत्र सविस्तर होतं: ‘तपासनिसाचे पद रिक्त आहे. उमेदवाराची निवड झाली आहे. मात्र नियमानुसार पहिल्या दिवशी कोटात हजर राहणे बंधनकारक आहे. कोट झालाच आहे, फक्त काजे राहिली आहेत, असे उमेदवाराने लेखी कळवले आहे. आपल्याच गावचे आहेत.’

“कोण हा शिंपी?” मास्तर कडाडले. “असल्यांमुळे आमचा धंदा बदनाम होतो.”

मग त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे करड्या कापडाची घडी चार महिने पडून होती. तिला टाचलेल्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कोट. नवी नोकरी. फार घाई.’

मास्तरांनी आपल्या शिंपीकामाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं. सगळी कामं बाजूला सारून त्यांनी तीन दिवसांत कोट शिवला, आणि जन्मात पहिल्यांदा काजं वेळेवर केली. रविवारी सकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला.

“कोट तयार आहे. काजांसकट.”

“अरे वा, मास्तर,” गिऱ्हाईक म्हणालं. “हा काय, निघालोच आहे. फक्त चपला घालायच्या राहिल्यात.”

मास्तरांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून कूस बदलल्याचा आणि उशी थोपटल्याचा आवाज आला. तीन वाजता ते एकटेच नावेत जाऊन बसले.

तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. पण तुम्ही शिवायला टाकलेले कपडेही कधीचे तयार आहेत म्हणे. आधी ते घेऊन या. कुणाचा तरी बारक्या एकटाच वल्ही मारतोय.