सशिणीच्या बिळाचं तिसरं दार

एका जंगलात सगळे प्राणी सुखाने राहत होते, असं मी सांगणार नाही, बाळांनो. सुखाने कोणीच राहत नव्हतं. पण सगळे नीट लपून राहत होते, आणि जंगलात त्यालाच सुख म्हणतात.

लपण्यात सगळ्यात हुशार कोण? ससे. त्यांच्या बिळाला दोन दारं असत. पुढचं दार सगळ्यांना दिसे. मागचं फक्त घरच्यांना ठाऊक. रानबोका पुढून आला की ससे मागून पसार. पिढ्यान्‌पिढ्या ससे असेच जगत आले होते.

अशाच एका बिळात मंजुळा नावाची सशीण राहायची. तिला चार पिल्लं होती, एक नवरा होता आणि एक सासू होती. नवरा दिवसभर चरायला जायचा. सासूचं नाव धोंडाबाई. त्या बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त, म्हणून मंजुळेला त्यांचा जाच वाटायचा.

एके दिवशी जंगलात तरसशेठ आले. प्रत्येक बिळावर एकेक मैना बसवत निघाले.

"ही सांगती मैना," ते मंजुळेला म्हणाले. "पाणी कुठे आहे, दूर्वा कुठे कोवळ्या आहेत, ऊन किती पडेल, सगळं सांगते. पिल्लांना गाणी म्हणते."

"आणि आम्ही द्यायचं काय?"

"काही नाही, वहिनी. हिच्या अटी ऐकायच्या आणि मान डोलवायची."

मैनेने अटी म्हणायला घेतल्या. त्या सकाळी सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी संपेनात. पण त्या जंगलात एक जुना रिवाज होता. जे समजत नाही, त्याला मान डोलवायची. बगळेबुवांच्या प्रवचनाला सगळे असेच मान डोलवत, आणि एवढ्या वर्षांत त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मासे सोडून.

मंजुळेने दुसऱ्याच वाक्याला मान डोलावली होती. उरलेल्या अटी मैना हवेला सांगत बसली आणि मग आत आली.

मैना गुणी होती, हे मान्य करायला हवं. तिचं गाणं सुरू झाल्याशिवाय पिल्लं घास तोंडात घेईनात. मंजुळा एकदा नवऱ्याला म्हणाली, "गुडघा दुखतो हो माझा." लगेच मैना निर्गुडीच्या पाल्याचे गुण सांगू लागली, आणि पुढचे आठ दिवस तेच सांगत राहिली.

"बघा, किती काळजी," मंजुळा म्हणाली. "या घरात माझं दुखणं आजवर कोणी एवढं मनावर घेतलं होतं?"

नवरा गप्प बसला. जंगलातले नवरेही लपण्यात हुशार असतात.

धोंडाबाई मात्र मैनेसमोर तोंड उघडत नसत. बोलायचंच झालं तर त्या सुनेला बिळाबाहेर बोलवायच्या.

"ज्या पाखराचं घरटं कुठलं ते ठाऊक नाही, त्याच्यासमोर मी बोलायची नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर इथलं ऐकतं आणि दिवस कलला की तरसाकडे उडतं."

"ऐकू दे की, सासूबाई. आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?"

बाळांनो, हे वाक्य एक सशीण बोलली. जिच्या घराण्यात लपण्याखेरीज कोणी दुसरं काही केलंच नव्हतं, ती बोलली. सांगताना मलाच लाज वाटते. पण सांगायला घेतलंय तर पुढे ऐका.

शेजारी दगडूअण्णा साळिंदर राहायचे. त्यांनी सुक्या शेंगांचा एक खुळखुळा बनवला होता. वेलीला बांधून तो बिळाभोवती लावायचा. कोणी चोरपावलांनी आलं की वाजायचा. तो कसा बनवला, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला उलगडून दाखवत.

"प्रत्येक गाठ बघून घ्या. पटली नाही तर सोडा आणि तुमच्या पद्धतीने बांधा. यात कोणाचं काही गुपित नाही."

सासूच्या आग्रहाखातर मंजुळा एकदा बघून आली. तिसऱ्या गाठीला तिला जांभई आली.

"अण्णा, हा गातो का?"

"मुळात प्रश्न असा आहे, की त्याने का गावं?"

"मग पिल्लं जेवणार कशी?"

अण्णा पुन्हा पहिल्या गाठीपासून समजावू लागले. शिवाय गाठ डावीकडून मारावी की उजवीकडून, यावरून खवल्या मांजराशी त्यांचं भांडण चालू होतं. ते मिटेपर्यंत कोणी खुळखुळा वापरू नये, असं दोघांचंही मत होतं. या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. मला अशा लोकांचा फार राग येतो, कारण बाजू त्यांचीच खरी असते.

पुढे एकदा मैना म्हणाली, "वहिनी, मागचं दार कुठे आहे ते सांगून ठेवा. घाईत विसरलात तर मी आठवण करीन."

मंजुळेला पटलं. चार पिल्लांच्या रगाड्यात डोकं कुठे ठिकाणावर असतं? तिने सांगून टाकलं. करवंदीच्या जाळीमागे, पांढऱ्या दगडाखाली.

आता तरसशेठांविषयी थोडं सांगतो. ते शिकार करत नसत. तेवढे कष्ट त्यांना मानवत नसत. शिकार करणाऱ्याला पत्ता सांगायचा आणि उरलंसुरलं आपण खायचं, एवढंच त्यांचं काम. हे त्यांनी कोणापासून चोरून ठेवलं नव्हतं. मैनेच्या चाळिसाव्या अटीत ते स्पष्ट होतं. पण तोवर सगळ्यांच्या माना डोलवून झाल्या होत्या.

एका दुपारी रानबोका पुढच्या दारात आला आणि खाकरला. मंजुळा चारही पिल्लांना घेऊन मागच्या दाराकडे धावली. पांढऱ्या दगडाशी बोक्याची बायको मिशा चाटत बसली होती.

मंजुळा मागे फिरली.

"मैने, आता कुठून जाऊ?"

"मागच्या दाराने जा," मैना गोड आवाजात म्हणाली. "तुमचं मागचं दार करवंदीच्या जाळीमागे, पांढऱ्या दगडाखाली आहे."

मंजुळेने पिल्लं पोटाखाली घेतली. चार पिल्लं तिच्या पोटाखाली मावत नव्हती. एक सारखं बाहेर राहत होतं, आणि कोणतं बाहेर ठेवायचं ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात कोणीतरी तिचा कान धरून ओढला. धोंडाबाई होत्या. मैनेसमोर त्या आताही बोलल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला वाळक्या गवताचा ढीग बाजूला सारला. मागे एक अरुंद भुयार होतं. आधी पिल्लं, मग सून, मग सासू, असे सगळे एका दमात बोरीच्या झाडाखाली बाहेर पडले. बोका आणि त्याची बायको दोन दारांवर तिष्ठत बसले आणि शेवटी हात हलवत परत गेले.

भुयारात सगळीकडे बोराच्या बिया पडल्या होत्या. मंजुळेच्या अंगालाही दोन-चार चिकटल्या होत्या.

"सासूबाई, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..."

"बोरांनी खोकला होतो, खाऊ नका, असं तूच म्हणायचीस," धोंडाबाई म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यांदेखत खाता येईना. मग पाडलं एक दार."

मंजुळेला रडू कोसळलं. तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. बाळांनो, त्या क्षणी तिचं मन खरोखर स्वच्छ होतं. ते तसं तीन दिवस राहिलं.

तीन दिवसांनी तरसशेठ आले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"झाल्या प्रकाराने आम्हीच हादरलोय, वहिनी. म्हणून ही नवी मैना आणली. ही डोळे मिटून ऐकते. शिवाय तुमच्या काळजीपोटी हिच्या अटी दुप्पट केल्यात."

मंजुळेने पिल्लांकडे बघितलं. गाणं नव्हतं, म्हणून तीन दिवस पिल्लांनी धड खाल्लं नव्हतं. त्यांची पोटं खपाटीला गेली होती. नव्या मैनेने पहिली अट म्हणायला चोच उघडली आणि मंजुळेने मान डोलावली.

पिल्लं पोटभर जेवली. मंजुळेला बरं वाटलं. ती म्हणाली, "मैने, एक लक्षात ठेव हं. आमचं तिसरं दार गवताच्या ढिगामागे आहे, बोरीखाली उघडतं. घाईत मला मेलीला काही आठवत नाही."

धोंडाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नखांत ओली माती होती आणि पुढचे पंजे सुजले होते. या वयात पंजे लवकर सुजतात.

"काय झालं हो, सासूबाई?" मंजुळेने काळजीने विचारलं.

धोंडाबाईंनी एकदा मैनेकडे बघितलं आणि पंजे पोटाखाली घेतले.

तुम्ही सगळे मघापासून मान डोलवताय, बाळांनो. छान. आता तात्पर्य ऐका.

तात्पर्य : घरात निदान एक जण तरी संशयी, हट्टी आणि चोरून खाणारं असू द्यावं. त्याच्या जिवावर बाकीच्यांना खुशाल म्हणता येतं, की आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही.