मेहरूणची माती

जीवराम मास्तर अंघोळ करून बाहेर आले, तेव्हा यशोदाबाईंनी सगळी रताळी धुऊन पुन्हा पिशव्यांत भरली होती.

"काय चिखल शे हाऊ! बठ्ठा धुई टाकात," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "उद्या महाशिवरात्र. उपासाला मातीसकट शिजवू का?"

ती रताळी उपासाची नव्हती. भाची स्नेहल धुळ्याला रताळ्यांवर संशोधन करत होती. सालीवर निसर्गतःच काही द्रव्यं असतात, ती जातीगणिक कमीजास्त. जिथे जास्त, तिथे किडा तोंड लावत नाही, असं तिला दाखवायचं होतं. त्यासाठी मास्तरांनी बोदवडच्या पुनाभाऊंच्या शेतातून आठ जातींची रताळी आणली होती. जातीला एक पिशवी, पिशवीवर आकडा. "मामा, सालीला जपा," स्नेहल फोनवर म्हणाली होती. तपासणीचं यंत्र तिला परवा एकच दिवस मिळणार होतं. ते हुकलं की तीन महिने थांबायचं. आणि आजच दुपारी ती न्यायला येणार होती.

"अगं, सालीवरचंच तपासायचंय तिला!"

"मग मी साल कुठं काढली?"

चौतीस वर्षं विज्ञान शिकवूनही, पाणी किती अंशांना उकळतं हे मास्तर पुस्तकात पाहिल्याशिवाय सांगत नसत. धुतलेल्या रताळ्यांबद्दल कपाटातलं एकही पुस्तक बोलेना. स्नेहलला विचारायची लाज वाटली. शेवटी घमेलं घेऊन ते मेहरूण तलावावर गेले, चिखल आणला आणि दार लावून घेऊन रताळ्यांना खसाखसा चोळला. रताळी हुबेहूब शेतातली दिसू लागली. मग त्यांनी ती मोजून पिशव्यांत भरली.

दुपारी स्नेहलने पहिलीच पिशवी उघडली.

"मामा, पुनाभाऊंच्या शेतात शिंपले निघतात?"

मास्तरांनी चष्मा पुसत सगळं कबूल केलं.

"अहो, मामींनी धुतली तर काय बिघडलं? ती द्रव्यं मेणासारखी असतात, साध्या पाण्याने जात नाहीत. मीसुद्धा आधी माती धुऊनच काढते. पण तुम्ही इतकी चोळलीत! आणि यातलं कुठलं रताळं कुठल्या पिशवीतलं?"

मास्तरांनी घमेल्याकडे पाहिलं. घमेलं एकच होतं.

"मी तर एकेक पिशवी धुऊन जिथली तिथं भरली होती," यशोदाबाई म्हणाल्या. "हलक्या हातानं."

मास्तर मिळेल त्या गाडीने पुन्हा बोदवडला गेले. पुनाभाऊ म्हणाले, "सर, पहिली बठ्ठी खाल्ली का?"

दिवेलागणीला ते परतले, तेव्हा घरभर उकडलेल्या रताळ्यांचा वास होता. आठही पिशव्या त्यांनी छातीशी धरल्या होत्या. स्नेहलने त्या एकेक करून सोडवून घेतल्या आणि मामीच्या हातात दिल्या, धुवायला.