दोन फोनांचा प्लॉट

शालिकभाऊंच्या सदऱ्याला छातीवर दोन खिसे आहेत. दोन्ही सारख्या मापाचे, आणि दोन्हींत एकेक फोन. टेलरनं एकदा उजवा खिसा बोटभर वर शिवला, तर शालिकभाऊंनी सदरा परत नेऊन दिला.

"उंचावरच्याले रेंज जास्त भेटन," ते म्हणाले. "असा अन्याय आपल्याजवळ चालत नाई."

टेलर बिचारा अजून लोकांना विचारतो, की त्या माणसाचं नेमकं काय बिघडलं आहे. बिघडलेलं काही नाही. शालिकभाऊ एक फोन तपासून पाहत आहेत, एवढंच. फक्त ते तो बियाण्यासारखा तपासत आहेत.

मी आर्णीत त्यांच्या शेजारी राहतो. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे मी जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं प्रत्यक्ष पाहिलेलं आणि उरलेलं स्पष्ट ऐकलेलं आहे. मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. गाडी भरलेली किती, रिकामी किती, मधला कापूस किती, हे सांगणं माझं काम. वाढवून सांगायची सवय नाही.

शालिकभाऊ कपाशी आणि तूर पेरणारे शेतकरी. आजवर त्यांनी चार स्मार्टफोन वापरले आणि चारही एकाच कंपनीचे. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण तिचा दुकानदार आणि विरुद्ध कंपनीचा दुकानदार, दोघंही माझ्या ओळखीचे आहेत. शालिकभाऊ तिला नुसतं 'आमची कंपनी' म्हणतात. "आमच्या कंपनीनं यंदा क्यामेरा सुधारला," असं ते सांगतात तेव्हा वाटतं, सकाळी मीटिंगला बसून आत्ताच घरी आले आहेत. एका लग्नात नवरदेवाच्या हातात त्या दुसऱ्या कंपनीचा फोन दिसला, तर "पोरगा चांगला हाय, पन..." एवढं म्हणून ते पंगतीत जाऊन बसले. पुढचं वाक्य त्यांनी आजतागायत पूर्ण केलेलं नाही.

अशा माणसाला त्यांच्या मुलीनं पहिल्या पगारातून फोन आणला, आणि तो नेमका त्या दुसऱ्या कंपनीचा निघाला.

मयुरी त्यांची एकुलती एक. वणीकडे राजूरला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिथंच खोली घेऊन राहते. पेरणीच्या दिवसांत ती सुट्टीवर आली आणि तिनं बापाच्या हातात डबा ठेवला. आम्ही नवराबायको तेव्हा तिथंच चहा पीत होतो. शालिकभाऊंनी डब्यावरचं नाव वाचलं. मग पोरीकडे पाहिलं. मग पुन्हा नाव वाचलं, मधल्या वेळात बदललं असेल अशा आशेनं.

"आवडला नाई का, बाबा?" मयुरीनं विचारलं.

"आवडाचं काय... पोरीनं आनला म्हणजे सोनंच हाय," शालिकभाऊ म्हणाले. "पन एकदम सारं रान नव्या वाणाखाली आनता येत नाई ना वं. पयले प्लॉट टाकू."

प्लॉट ही त्यांची जुनी पद्धत. नवं बियाणं आलं की ते सगळ्या वावरात पेरत नाहीत. जुन्या वाणाच्या शेजारी त्याच्या चार ओळी लावतात. पेरणी एकाच दिवशी, खत तेवढंच, निंदणी-डवरणी तेवढीच. मग दोन्हीकडे हंगामभर पाहत राहायचं. मधेच कोणी 'झाड मस्त वाढलं' म्हणालं, की शालिकभाऊ म्हणतात, "बोंड फुटू द्या." एकदा बियाणं विकणाऱ्यांनी मेळावा भरवून आपला हिरवागार प्लॉट दाखवला, तेव्हा यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "खत गुपचूप जास्त टाकलं काय?" आणि उत्तर न आल्यामुळे न जेवता परत आले. जेवणात गुलाबजाम होते, हे त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी अजून बोलून दाखवतात.

तर फोनचा प्लॉट पडला. त्याचा निकाल कापसाच्या पहिल्या वेचणीला लागायचा, आणि निकाल देणारा त्रयस्थ हवा म्हणून मला नेमलं.

"तुमी काट्यावरचे मानूस," शालिकभाऊ म्हणाले. "दुकानदारानं गूळ जास्त दिला तं वापस नेऊन देनारे. तुमच्यापक्षा कोन भेटते?"

माझी बायको यावर जरा जास्तच हसली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नाही. नव्या फोनमध्ये सिम टाकलं ते जुन्यातल्याच कंपनीचं. दोन्ही फोन एकाच बोर्डावर चार्जिंगला लागायचे आणि एकदमच निघायचे. रेंज पाहायला शालिकभाऊ विहिरीपाशी दोन्ही हात वर करून उभे राहिले. शेजारच्या वावरातला म्हातारा पळत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

कॅमेऱ्याची पाळी आली तेव्हा मीही हजर होतो. एक किडकं बोंड फोडून दोन्ही फोनांनी आतल्या अळीचा फोटो काढला. जुन्यात गुलाबी डाग दिसला. नव्यात अळी अशी दिसली की तिचं तोंड ओळखू यावं.

"हे तर नव्यानं जिंकलं," मी म्हणालो.

"काहून? अळी चांगली दिसनं हे काय चांगलं लक्षण हाय?" शालिकभाऊ चिडले. पण न्यायी माणूस. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "लिवा नव्याच्या नावानं."

मग त्यांनी कुसुमवहिनींना तुळशीजवळ उभं केलं. जुन्या फोननं वहिनी होत्या तशा काढल्या. नव्यानं त्यांचं वय, ऊन आणि कपाळावरच्या आठ्या सगळं पुसून टाकलं.

"हे कोनाची बायको हाय?" शालिकभाऊंनी मला विचारलं. "मी तं हिले पाह्यलं नाई."

"तुमी कधी पाह्यलंच कुठं?" वहिनी म्हणाल्या. "मी सांगते, हाच फोन ठेवा. निकाल लागला."

"याच्यात जुना इमानदार हाय," शालिकभाऊंनी नोंदवून घेतलं, आणि वहिनींनी त्या दिवशी भाजीत मीठ इमानदारीनं घातलं नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकायची. नवा फोन वापरताना शालिकभाऊ जुना पालथा ठेवायचे. "त्याच्यासमोर बरं वाटत नाई," म्हणायचे. परीक्षकानं एका परीक्षार्थीची इतकी मर्जी राखू नये. मी तसं बोललो, तर म्हणाले, "आवं, दोस्ती आपल्या जाग्यावर, प्लॉट आपल्या जाग्यावर."

आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून शिकवणी ऐकू यायची. मयुरी ड्यूटीहून खोलीवर पोचली की तिचा फोन यायचा. शालिकभाऊ जुना कानाला लावायचे, नवा हातात धरायचे आणि विचारत सुटायचे.

"मयुरे, हे घंटीचं चित्र कायचं वं?"

"मले कालबी सांगतलं होतं? मंग मी इसरलो असन."

"फोटो पाठवाचा तं बान दाबाव का ठिपके दाबाव? हळू सांग. घाई कायची हाय? तू जेवली का?"

अर्धा तास सहज जायचा. बाणाचा प्रश्न पावसाळाभर सुटला नाही. मला वाटायचं, माणूस एवढा हुशार, पण नव्या फोनपुढं अगदीच मंद. आणि नवा फोन शिकायला इतका अवघड असेल, तर निकालात ते धरायला हवं.

पोळ्यानंतरची गोष्ट. मी तणनाशकाची चौकशी करायला कृषी केंद्रात गेलो होतो. आत शालिकभाऊ स्टुलावर बसलेले आणि त्यांच्यापुढं उमरखेडकडून आलेला एक पागोटेवाला म्हातारा. म्हाताऱ्याच्या हातात त्याच दुसऱ्या कंपनीचा फोन. शालिकभाऊ त्याला शिकवत होते. आणि कसं! अंगठा इतका झरझर चालत होता की माझी नजर ठरेना. फोटो पाठवला, अक्षर मोठं केलं, नको ते बंद केलं, म्हाताऱ्याच्या नातवाला व्हिडिओ कॉल लावून दिला, आणि वर सांगितलं, "कंपनी खराब नाई बुढेबा. लोकं उगीच नाव ठेवतात."

मी आल्या पावली बाहेर पडलो. त्यांनी मला पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "मयुरे, ते व्हिडिओचं कसं करतात वं? मले तं काईच समजून नाई राह्यलं."

खरं सांगतो, मला राग आला. काट्यावर गाडी चढली आणि कडेला कोणी काट्यावर पाय देऊन उभं असलं, तर ते खोटं वजन मला सहन होत नाही. हे तसंच होतं. 'शिकायला अवघड' म्हणून नव्याच्या वजनातून मी जे कापणार होतो, ते खोटं होतं. जुन्या कंपनीच्या प्रेमापोटी माणूस इतका खाली उतरेल असं वाटलं नव्हतं. वेचणीला सगळ्यांसमोर बोलायचं, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. कपाशीच्या ओळीत दगड मांडून त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिला कापूस वेचायचा. शालिकभाऊंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं आणि मयुरीही सुट्टी काढून आली होती. कपाशी चांगली फुटली होती. वहिनींनी नैवेद्य मांडला. शालिकभाऊंनी दोन्ही फोन फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला ते अस्वस्थ दिसले. कापूस वेचायच्या ऐवजी ते उगाच पाती तोडत होते.

"निकाल आजच लावाव लागते काय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"ठरलं तर आजचंच आहे," मी कोरडेपणानं म्हणालो.

मयुरी पाणी आणायला विहिरीकडे निघाली आणि मला म्हणाली, "काका, जरा घागर धरा ना." विहीर ओळींच्या पलीकडे होती. तिथं पोचल्यावर तिनं घागर खाली ठेवली.

"काका, बाबाले तो फोन पूर्ण येते."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुला कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात." ती हसायला लागली. "व्हिडिओ कॉल कसा लावाचा, हे त्यायनं मले त्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावून विचारलं."

मलाही हसू आलं, पण मी आवरलं. "मग तू रोज का शिकवतेस?"

तिनं बादली विहिरीत सोडली. "ड्यूटी संपून खोलीवर येते ना काका, तं तिथं बोलाले कोनी नसते. साध्या 'जेवली का' साठी बाबा फोन नाई करत. म्हणतात, पोरगी थकली असन, कायले तरास देता. काम असलं तरच करतात. आता त्यायले काम भेटलं हाय. मलेबी भेटलं हाय. निकाल लागला तं ते काय विचारतीन मले?"

मी दोर ओढून पाणी भरलं. घागर उचलली. माझं सगळं गणित एका बाजूनं बरोबर होतं आणि दुसरी बाजू मी काट्यावर घेतलीच नव्हती. शालिकभाऊ जुन्या फोनची बाजू घेत नव्हते.

पण खोटा निकाल मला देता येत नाही. ओळीतून परत येताना मी विचार करत होतो, आणि मध्यावर आल्यावर मला एक अगदी खरी त्रुटी सापडली.

सगळे दहीभात घेऊन बसले. शालिकभाऊंनी घास हातातच ठेवला.

"निकाल असा," मी म्हणालो. "कॅमेऱ्यात नवा पुढे. फोटोच्या इमानदारीत जुना. रेंज सारखी. पण हा प्लॉट अपुरा आहे. पेरणी ते वेचणी एवढंच झालं. आपल्याकडचा उन्हाळा अजून बाकी आहे. मे महिन्यात फोन किती तापतो, बॅटरी टिकते का, हे पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

यात एक शब्द खोटा नाही. यवतमाळच्या उन्हाळ्याची परीक्षा न घेता फोन पास करणं हा निव्वळ निष्काळजीपणा झाला असता.

शालिकभाऊंनी हातातला घास तोंडात टाकला. "हे मले सुचाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "उन्हाळा! एवढा मोठा उन्हाळा!" मग पोरीकडे वळून, "मयुरे, मंग तं तुले अजून तरास हाय वं."

"काय करता आता बाबा," मयुरी म्हणाली, "प्लॉट म्हटला की आलंच."

वहिनी दोघांकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी तिघंबी सारखेच हा." त्यांना कधीपासून कळलं होतं, ते मी विचारलं नाही.

दुपारी मयुरीला बसवायला आम्ही स्टँडवर गेलो. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. शालिकभाऊ खाली उभे राहून नवा फोन उलटासुलटा करू लागले.

"आता हे नवीनच! मानूस कुठपर्यंत गेला ते दिसते म्हणतात याच्यात. ते कसं पाहाव?"

"खूप मोठं हाय ते," मयुरी म्हणाली. तिचं बोट तिच्या फोनवर काहीतरी दाबत होतं. "खोलीवर पोचून सांगते. आरामात."

"हो, आरामात. मले एकदम समजत नाई."

कंडक्टरनं घंटी दिली. बस वळून रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. मी निघायला वळलो, तर शालिकभाऊ तिथंच उभे. नवा फोन त्यांनी उन्हात हाताचा आडोसा करून धरला होता. पडद्यावर आर्णीतून बाहेर पडणारा रस्ता होता आणि त्यावर एक निळा ठिपका यवतमाळच्या दिशेनं सरकत होता.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. फोन लपवला नाही.

"मोठा अवघड फोन हाय, भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले.

"दिसतंच आहे," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं ठिपका नाक्यापुढं जाईपर्यंत तिथंच थांबलो.